सात बाजार अडलेलं रडणं

फुलचंद मास्तरांच्या वर्गात पौषापासून एक म्हातारी येऊन बसू लागली. पटावर तिचं नाव नव्हतं, फळ्याकडे तिचं लक्ष नव्हतं, पण हजेरी मात्र चौथीतल्या एकाही पोराला जमली नसती इतकी पक्की. शेवटच्या रांगेत, खिडकीखाली, पाय मुडपून ती बसे. पदर नाकापर्यंत ओढलेला. आरशाची भिंगं लावलेल्या घेरदार फेटियावर, म्हणजे बंजारा घागऱ्यावर, बसलेले कापसाचे तंतू ती एकेक करून वेचत राही. ही मास्तरांची सासू लालीबाई. तिला मरून तेव्हा पंधरा दिवस झाले होते.

भूतबीत काही नव्हतं ते. झोप नसली की भर दिवसा डोळ्यांपुढे काय काय येऊन बसतं, हे ज्याने आठ-पंधरा दिवस डोळ्याला डोळा लावला नाही त्याला विचारा. शिवाय एकसष्टच्या त्या हिवाळ्यात घाटंजीची हवाच तशी होती. जिनांचा, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांचा, हंगाम जोरात. गाड्यांवर गाड्या कापूस येत होता, आणि जिनातून सुटलेले तंतू गावभर तरंगत होते. उन्हाच्या तिरिपेत ते वर जात आहेत की खाली येत आहेत, ते कळत नसे. कोणाच्या मिशीवर, कोणाच्या भाकरीवर, मास्तरांच्या काळ्या कोटावर ते अलगद येऊन बसत. अशा हवेत एखादी म्हातारी जास्तीची दिसली, तर नवल ते काय?

नवल दुसरंच होतं. लालीबाई गेल्याचं मास्तरांना ठाऊक होतं, आणि तिच्या लेकीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, सुखीबाईला ठाऊक नव्हतं.

कार्ड शाळेच्या पत्त्यावर आलं होतं, एका शुक्रवारी. कोपरा फाडलेलं. धाकट्या मेव्हण्याने, भीमराजने, दोनच ओळी लिहिल्या होत्या: याडी मंगळवारी गेली, बाईले संभाळून सांगा. याडी म्हणजे आई, बाई म्हणजे थोरली बहीण. मास्तरांनी कार्ड वाचलं, असलं कार्ड घरात न्यायचं नसतं म्हणून फाडून नदीत सोडलं, आणि घरी येईपर्यंत ठरवून टाकलं की सांगायचं नाही.

कारण सुखीला सातवा महिना होता. दोन वर्षांपूर्वी तिचा थोरला भाऊ विहिरीत पडून गेला, तेव्हा ती पाचव्या महिन्याच्या पोटानिशी निघाली. अर्धी वाट मोटारीने, अर्धी बैलगाडीने, पुसदकडच्या डोंगरातल्या आपल्या माहेरच्या तांड्यावर पोचली. तीन दिवस ती रडली आणि चौथ्या दिवशी तिचं पोट रिकामं झालं. मास्तर शिकलेले, यवतमाळला राहून परीक्षा दिलेले. त्यांनी सरळ बेरीज मांडली: रडली म्हणून गेलं. आता हे दुसरं लेकरू हातचं जाऊ द्यायचं नाही, तर सुखीला रडू द्यायचं नाही. गणित चोख होतं, फक्त उदाहरण चुकीचं घेतलं होतं. पण ते पुढे.

आता, कुणब्याच्या किंवा वाण्याच्या घरी अशी बातमी दोन महिने दाबता आली असती. तांड्यात ते सोपं नसतं. तांड्यातल्या बाया एकमेकींना भेटल्या की आधी रडतात. नुसतं डोळ्याला पदर लावणं नव्हे. गळ्यात गळा घालून, सुरावर, शब्दाला शब्द जोडत. कोण गेलं, कोण आजारी आहे, कोणाच्या गायीला कालवड झाली, सगळी खबर त्या सुरातच सांगायची. मग डोळे पुसून त्याच दोघी तंबाखू मळत हसायला लागतात, आणि बघणारा परका माणूस कोड्यात पडतो. त्यात कोणी वारलं असेल, तर नात्यातल्या प्रत्येक बाईच्या गळ्यात पडून मेलेल्याचं नाव घेतल्याशिवाय सुटका नाही. म्हणजे सुखी एकदा बाजारात गेली असती, की सासरमाहेरच्या नात्यातली पहिली बाई भेटताच सगळं उघड झालं असतं.

म्हणून मास्तरांनी तिचा आठवड्याचा बाजार बंद केला.

"गर्दी असते. बैल शिंगं मारतात," ते म्हणाले. घरात नवराबायको गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलत. ते तसंच इथे मांडलं तर निम्मे वाचणारे वाटेतच उतरतील, म्हणून मी ते वऱ्हाडीत सांगतो.

"बैल? मले?" सुखी हसली. "अवो मास्तर, माहा आजा हजार बैलांवर मीठ लादून फिरत व्हता. बैल मले वळखतात."

पण ती घरीच राहिली. पहिल्याच बाजारी मास्तरांना जे भय होतं तेच समोर आलं. सुखीची आत्या भुरीबाई, घाटंजीपासून चार कोसांवरच्या तांड्यात राहायची, जंगलातला डिंक घेऊन बाजाराला बसायची. तिने मास्तरांना हाक मारली. "सुखी कुठी हाय? मले तिच्या गळ्यात पडाचं हाय."

"डॉक्टरनं कोनाले भेटू देऊ नोका म्हनलं," मास्तर म्हणाले. "दिवस पुरे भरू द्या."

"सांगतलं न तिले?"

"सांगतलं."

"रडली का?"

"रडली," मास्तर म्हणाले. खाली मान घालून त्यांनी डिंक घेतला आणि गरज नसताना दुप्पट घेतला. 

त्यानंतर ते बाजारात चोरासारखे फिरू लागले. मिरचीच्या ओळीआडून जायचं, भिंगांचा चमकारा दिसला की वळायचं. शाळेत पोरांना खरं बोला म्हणून सांगणारा माणूस भोपळ्यांच्या ढिगामागे दडतो, हे पाहून भोपळेवाल्यालाही गंमत वाटत असेल. मास्तरांना गंमत वाटत नव्हती. 

खरी परीक्षा घरी असे. सुखीला लिहितावाचता येत नव्हतं, पण कार्ड लिहवून घ्यायची तिला भारी हौस. संध्याकाळी ती भिंतीला टेकून पाय पसरे, पोटावर हात ठेवी आणि डोळे मिटून सांगू लागे.

"लिवा. याडीले रामराम. पोट मोठं झालं. पोट्टं लाथा मारून राह्यलं. मले सपनात आपली गाय दिसते, तिच्या मांग मांग तू चालून राह्यली, अन् मी हाका मारते तं वळून पाहत नायी. कायले पाहत नायी? बाळंतपनाले ये. नायी आली तं मी बोलनार नायी."

मास्तर लिहीत. मेलेल्या बाईला कार्ड लिहिणं काय असतं, ते त्यांच्या हाताला विचारा. अक्षर सुंदर म्हणून तालुक्यात नाव होतं, ते अक्षर थरथरू लागलं. कार्ड पेटीत पडत नसे. शाळेतल्या टेबलाच्या खणात एकावर एक जात असे. आणि आठ-दहा दिवसांनी उत्तर यायला हवं, म्हणून दिवाळीतलं भीमराजचं जुनं कार्ड खिशातून काढून मास्तर त्यातून नवीन मजकूर वाचत. याडीचे गुडघे दुखतात. गाय आटली. येते म्हणाली. खोटं बोलायलाही सराव लागतो, तो त्यांना नव्हता. म्हणून कधीकधी ते जरा जास्तच गोड वाचून जात. सुखी ऐकून घेई, पोटावर हात फिरवत राही.

महिनाभरात मास्तरांची दशा झाली. छातीच्या खाली दिवसरात्र आग. तोंडात फोड. रात्री झोप नाही आणि वर्गात उभ्या उभ्या डोळे मिटत. पोरं सोळाचा पाढा म्हणू लागली की तो आवाज लांब लांब जाई, खिडकीतून येणारे तंतू हवेत थांबल्यासारखे वाटत, आणि मागच्या रांगेतून लालीबाई मान वर करी. जिवंतपणी जावयाशी ती दहा शब्द बोलली नसेल. आताही बोलत नसे. नुसती बघे. एकदा हजेरी घेताना मास्तर तिच्यापाशी थांबले, आणि सगळा वर्ग मागे वळून रिकाम्या भिंतीकडे बघू लागला. पोस्टमन फाटकात दिसला तरी त्यांना घाम फुटे. एका पोराने शाई सांडली म्हणून त्यांनी त्याला असं मारलं, की मारल्यानंतर ते स्वतःच हाताकडे बघत राहिले. असा त्यांचा स्वभाव नव्हता.

घरमालकीण मैनाबाई शेतकऱ्याघरची, प्रेमळ आणि हौशी वैद्य. तिने ओवा दिला, जिरं दिलं, ताक दिलं, पोटावर बांधायला एरंडाचं पान दिलं. शेवटी ती म्हणाली, "मास्तर, हे पोटाचं दुखनं नोहे. पांढरकवड्याले वामनराव डॉक्टर हाय. तो मानसाचं तोंड पाहून सांगते."

वामनराव डॉक्टरांचा दवाखाना हमरस्त्यावर होता. हैदराबादकडे जाणारा ट्रक गेला की फळीवरच्या बाटल्या किणकिणत, आणि डॉक्टर बोलणं थांबवून बाटल्या थांबायची वाट बघत. त्यांनी जीभ पाहिली, पोट दाबलं, नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

"काय लपवून राह्यले?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी सांगितलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. सांगताना मधे दोन ट्रक गेले, तेवढंच थांबणं झालं.

"अस्सं," डॉक्टर म्हणाले. "मास्तर, जंगलात वाघ दिसला तर काय होते? काळीज उडते, पोट आवळते, झोप पळते. अंग पळाच्या तयारीले लागते. वाघ गेला का सगळं आपल्या जागी येते. तुमी वाघ घरात बांधून ठेवला. अंगानं करावं काय? ते पळाच्या तयारीतच राह्यलं. म्हनून ही जळजळ, म्हनून हा थरकाप. पोटात काही रोग नाही, पन असाच ठेवला तर रोग व्हाले वेळ नाही लागत."

"पन तिचं पोट..."

"मागच्या खेपेले काय खात होती ती?"

"काही नायी. तीन दिवस."

"पानी?"

मास्तरांना ते ठाऊक नव्हतं.

"ताप?"

"व्हता. अंग पोळत व्हतं म्हनत."

"तापात, उपाशी, दोन दिवसाचा गाडीचा प्रवास. अन् आळ कोनावर? रडन्यावर!" डॉक्टर चिडले होते, पण आवाज चढवला नाही. "मी काही ब्रह्मदेव नाही, मास्तर. लेकराची हमी देत नाही. पन रडल्यानं पोट पडत असतं तर तुमच्या तांड्यात एक पोर जन्माले नसतं आलं. तिले पोटभर जेवू घाला, पानी पाजा, सुईन जवळ ठेवा, तिले धरून बसाले कोनी आनाच. अन् सांगा."

तोवर म्हणून त्यांनी पांढरी पूड दिली आणि चार गोष्टी सांगितल्या. रिकाम्या पोटी चहा बंद. थोडं थोडं पण वेळेवर जेवायचं. उजाडताच नदीपर्यंत चालत जायचं. छाती धडधडू लागली की श्वास घेताना चार मोजायचे आणि सोडताना आठ, घाई न करता. "हे सगळं मलम हाय," ते दारापर्यंत येत म्हणाले. "काटा तुमाले काढा लागन."

मास्तरांनी मलम मनापासून लावलं. रोज उजाडता ते नदीकडे चालू लागले. नदीवर धुकं असे, त्यात कापसाच्या गाड्यांचे फक्त घुंगरू ऐकू येत, बैल दिसत नसत. चार मोजून श्वास आत, आठ मोजून बाहेर. तोंडातून निघालेली वाफ धुक्यात मिसळे, आणि मास्तरांना वाटे की आपणच थोडे थोडे धुक्यात जात आहोत. लालीबाई तिथेही येई, पण आता ती पुढे आणि हे मागे. ती चाले, हे मोजत. पाण्यापाशी पोचेपर्यंत ती नाहीशी झालेली असे. खूप वर्षांनी त्यांना लहानपणचा तांडा आठवला. स्वतःच्या याडीच्या पाठीला बांधलेलं असताना ऐकलेले बायांचे ते लांबवलेले सूर आठवले. त्या सुरात झोप किती गाढ लागे! शिकल्यावर त्यांना त्या रडण्याची लाज वाटू लागली होती, हेही आठवलं.

आग कमी झाली. तीन-चार तास झोप लागू लागली. आणि माणसाचं मन किती लबाड असतं बघा, आराम पडला तसा सांगायचं टाळणं सोपं झालं. आज तिचं डोकं दुखतंय. उद्या शाळेत तपासणी आहे. पुढचा बाजार होऊन जाऊ दे. बाळंत झाल्यावर सांगितलं तर काय बिघडतं? असे आणखी दोन आठवडे गेले.

मग गंगी सुईण आली. सुखीचं पोट तिने वरून खालून चाचपलं, आणि बाहेर येऊन मास्तरांना अंगणाच्या कोपऱ्यात नेलं.

"मास्तर, पोट वाढून नायी राह्यलं. मांगं पाहाले आली व्हती तवा होतं तेवढंच हाय. भाकर अर्धी टाकून देते, रातच्यान जागी असते. बाई आतल्या आत झुरून राह्यली. तुमी काही बोलले का तिले?"

"नायी. मी काहीच बोललो नायी," मास्तर म्हणाले, आणि स्वतःच्याच शब्दांनी त्यांना धडकी भरली. मागचे आठ-दहा दिवस सुखीने कार्ड लिहायला सांगितलं नव्हतं. त्याने त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं. का सांगितलं नाही, हे विचारायचं त्यांना सुचलंही नव्हतं. जे लेकरू वाचवायला त्यांनी हा सगळा खटाटोप केला, तेच पोटात सुकत होतं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सातवा. मास्तर मिरचीच्या ओळीआडून गेले नाहीत. सरळ भुरीबाईसमोर जाऊन उकिडवे बसले.

"आत्या, मी खोटं बोललो. सुखीले सांगतलंच नायी."

भुरीबाई डिंकाचे खडे निवडत होती. तिचा हात थांबला.

"सात बाजार?"

"सात बाजार."

"अन् तू म्हनला का ती रडली."

मास्तरांनी मान हलवली. तिने शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. तिने डिंक फडक्यात बांधला, फडकं डोक्यावर ठेवलं आणि उठली. हातभर पांढऱ्या चुड्यांचा आवाज करत ती पुढे चालू लागली. वाटेत एकदाच बोलली. "सांगनार तू. म्या नायी. माहं काम तुह्या मागून."

घरी सुखी ओसरीवर सुपात तुरीची डाळ पाखडत होती. आत्याला बघून तिचं तोंड उजळलं. सूप ठेवून, जमिनीला हात टेकत ती उठली आणि गळ्यात पडायला दोन्ही हात पुढे केले. भुरीबाईने ते हात धरले, पण गळ्यात पडली नाही. रडली नाही. "आधी जेव," एवढंच म्हणाली.

आत्या इतक्या दिवसांनी भेटते आणि रडत नाही! सुखी तिथेच घाबरली. तिने एकवार आत्याकडे बघितलं, एकवार नवऱ्याकडे.

"मी नंतर जेवीन," ती म्हणाली. "काय झालं?"

मैनाबाईला आणि गंगीला मास्तरांनी आधीच बोलावून आणलं होतं. त्या दाराशी उभ्या होत्या. मास्तरांनी वाटेत चार चांगली वाक्यं जुळवली होती. त्यातलं एक आठवेना. चार मोजून श्वास घेतला, आठ मोजायला जमलं नाही.

"सुखी, तुही याडी गेली. पौषातच गेली. कार्ड आलतं. मी तुले सांगतलं नायी."

 सुखीच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग भुरीबाईने तिला कवेत घेतलं, आणि तो सूर निघाला, माझी आई गं म्हणणारा. "मार याडी ये..." आधी आत्याचा, मग त्याच्याखालून सुखीचा, बारीक, आणि मग दोन्ही एक झाले. अंगणातली कोंबडी पळाली. शेजारचे लोक कुडावरून डोकावले. मैनाबाई आधी घाबरली, मग मटकन खाली बसून तिनेही पदर डोळ्याला लावला. गंगीने सुखीच्या पोटावर हात ठेवला तो काढलाच नाही.

सुखी सुरात सांगत होती. मास्तर खांबाला टेकून ऐकत होते, आणि प्रत्येक शब्द त्यांना कळत होता. याडी, तू जमिनीत होतीस आणि मी मेथीची भाजी खात होते. याडी, तू गेलीस आणि मी तुला म्हटलं की आली नाहीस तर बोलणार नाही. याडी, मी सात बाजार तुझ्यावर रुसले. याडी, तुझं मरण माझ्या दाराशी कोणी येऊ दिलं नाही.

मास्तर तेव्हा रडले. पुरुषांनी या सुरात रडायचं नसतं, पण त्यांना दुसरा सूर येत नव्हता. भुरीबाईने एक हात लांब करून त्यांनाही ओढलं, आणि काळा कोट घातलेला माणूस त्या दोघींमध्ये डोकं खुपसून हमसाहमशी रडला. कुडावरची पोरं त्यांच्याच वर्गातली होती. त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

"लाथ मारली!" गंगी मधेच ओरडली. "मारली! पाहा, पुन्हा मारून राह्यलं." आणि सगळे तिच्या हाताकडे बघू लागले.

ऊन कलतीला लागलं तेव्हा भुरीबाई आपल्या तांड्याच्या गाडीने निघून गेली. जाण्यापूर्वी तिने सुखीला मांडीशी घेऊन स्वतःच्या हाताने जेवू घातलं. सुखीने दीड भाकर खाल्ली. पाणी प्यायली. मग भिंतीला टेकून बसली. मास्तर दोन हात अंतरावर बसले. जवळ जायची त्यांची हिंमत होत नव्हती.

"त्या कार्डावर हळदीचा डाग व्हता," सुखी म्हणाली. "दिवाळीत माह्याच बोटाचा पडला व्हता. दर खेपेले तेच कार्ड. मले वाचता येत नायी, मास्तर, पन डाग दिसते."

"मंग बोलली काहून नायी?"

"मले वाटलं, याडी मले लिवतच नायी. इसरली. अन् माहं मन राखाले तुमी आपल्या मनानं वाचून राह्यले. तुमची लाज कायले काढू म्हनून म्या गप्प राह्यली." तिने पोटावर हात ठेवला. "रातच्यान तेच मनात ये. याडी काहून रुसली? म्या काय केलं?"

मास्तरांना वाटलं, हिने मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. वाघ त्यांनी एकट्यापुरता बांधला नव्हता. त्याचा दोर तिच्याही गळ्याला होता, आणि तिला तर वाघ कोणता हेही माहीत नव्हतं.

"म्या तुमाले माफ नायी केलं," ती म्हणाली.

"नोको करू."

"आधी मले दिवस सांगा."

"कोनते?"

"सगळे. याडी गेली तवापासूनचे. त्या दिवसांत म्या काय करत व्हती ते मले ठाव नायी. म्हंजे ठाव हाय, पन याडी हाय असं समजून केलेलं ठाव हाय. तुमी एकटेच ते दिवस खरे जगले. मंगळवारी म्या काय करत व्हती?"

मास्तरांनी डोळे मिटले. "मंगळवारी तू न्हाली. केस उन्हात वाळवत बसली. मले म्हनली, हरभऱ्याचे टहाळे आना. तवा मलेबी ठाव नव्हतं."

"मंग तो दिवस दोघाचाबी सारखाच. शुक्रवार सांगा."

"शुक्रवारी कार्ड आलं. मी घरी आलो तं तू गानं म्हनून राह्यली व्हती."

"कोनतं?"

"याडीनं शिकवलेलं. चुलीपाशी."

सुखीने वळून आत चुलीकडे बघितलं. "बरं झालं तेच गानं म्हनलं," ती म्हणाली. "पुढचा सांगा."

मास्तर सांगत गेले. शनिवारी भाजी करपली. रविवारी तू मैनाबाईसोबत तिळाचे लाडू वळले, एक मले चोरून दिला. पहिल्या बाजारी रुसली. ते सांगतील तसा तो दिवस सुखी हातात घेऊन पाही, कुठे तिचे डोळे भरत, कुठे ती हसे, कुठे "मंग?" म्हणे. अंगणावरून तंतू तरंगत येत होते, शांतपणे, एक तिच्या गुडघ्यावर बसला. दुसरा बाजार. तिसरा. सांगता सांगता मास्तरांच्या दोन वाक्यांमधलं अंतर वाढू लागलं. छातीखाली काही जळत नव्हतं. श्वास न मोजताच लांब जात होता. चौथा बाजार त्यांनी डोळे मिटून सांगितला. पाचव्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तू ओसरी सारवली, ते म्हणाले, अन् मंग तू... आणि वाक्य तिथेच राहिलं. मान कलली. ते झोपले होते.

सुखीने त्यांना हलवलं नाही. घोंगडीची घडी करून त्यांच्या डोक्याखाली सरकवली. अजून दोन बाजारांचे दिवस ऐकायचे राहिले होते. ते उठेपर्यंत ती तिथेच बसून राहिली.